लाभार्थी किती ते राहू द्या, लेकरू बरं झालं का ते मोजा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
(मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत जे कुणी वाचेल ते)

साहेब, मॅडम, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर एक फोटो आला. मागे बॅनर, 'बालकांचे मानसिक आरोग्य - दोन दिवसीय शिक्षक प्रशिक्षण', पुढे टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि पुष्पगुच्छ, खाली मेसेज की १२० शिक्षक प्रशिक्षित झाले. सगळ्यांनी हात जोडले, अंगठे दाखवले. मी पण दाखवला, खोटं कशाला बोलू. पण रात्री मशीनवर बसले (मी घरी ब्लाउज शिवते) तर डोक्यात तेच चालू, प्रशिक्षित झाले म्हणजे नेमकं काय झालं, आणि त्या दोन दिवसांनी आमच्या पोरासारख्या एका तरी पोराला फरक पडणार आहे का. म्हणून हे लिहायला घेतलं. मोबाईलवरच टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, पोराला त्याच शाळेत जायचंय.

आधी आमचं सांगते. थोरला १० वर्षांचा असताना हात धुवायला लागला. आपण धुतो तसे नाही, कोपरापर्यंत, साबण लावून, मोजून ७ वेळा, आणि मध्येच कोणी हाक मारली की परत पहिल्यापासून. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसाआड येतं, आणि ह्याच्यापायी सकाळी ९ च्या आत टाकी खडखडीत. दप्तर जमिनीला लागलं की ओढणीनं पुसायचं, चप्पल उंबऱ्याच्या बाहेर ठराविकच जागी. आणि सतत मला विचारणं, आई माझ्या हातामुळे तुला काही होणार नाही ना? मी म्हणायचे नाही रे बाळा. दोन मिनिटं शांत, की परत तेच. एका संध्याकाळी मी मोजलं, सहा वाजल्यापासून जेवणापर्यंत ४३ वेळा.

आम्ही पहिल्यांदा गेलो कुठं तर स्किनच्या डॉक्टरकडे! हात भेगाळून रक्त यायला लागलं होतं ना. त्यांनी ट्यूब दिली, दोन महिने ट्यूबच लावली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मिस्टर म्हणाले मोबाईल बंद करा, सगळी नाटकं बंद होतील. मग कोणीतरी सांगितलं म्हणून बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखणारी ती टेस्ट, डीएमआयटी, ४,५०० रुपये, रंगीत रिपोर्ट, त्यात लिहिलेलं की आमचा मुलगा 'घुबड' स्वभावाचा आहे. त्या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं, जाहीर सांगितलेलं आहे हे मला पैसे गेल्यावर कळलं. आणि हो, शाळेत एक समुपदेशक आले होते, त्यांनी पोराला समोर बसवून पॉझिटिव्ह विचार कर, रोज सकाळी आरशात बघून 'मी निर्भय आहे' म्हण असं सांगितलं. लेकरू गुणी, रोज म्हणायचं. तेही मोजून ७ वेळा.

ह्या सगळ्यात ११ महिने गेले.

शेवटी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. बाहेर एवढी रांग की बसायला जागा नाही, आत पाचेक मिनिटं. पण डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी पहिल्यांदा नाव सांगितलं, ओसीडी (नको ती भीती परत परत मनात येते आणि ती घालवायला एकच गोष्ट परत परत करावी लागते, तो आजार), आणि म्हणाले ह्याच्यात आईबापाचा दोष नाही, लेकराचा पण नाही. (मी तिथंच रडले, नर्सबाईंनी पाणी दिलं.) गोळी लिहिली आणि मग जे बोलले ते मला आजही पाठ आहे. "ताई, नुसत्या गोळीवर अर्धंच काम होतं. ह्याला थेरपी लागते, सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं सरावानं बदलायचे उपचार, त्यातली पण ईआरपी नावाची. दर आठवड्याला, तीन-चार महिने. पण इथं करणार कोण? सायकॉलॉजिस्टची जागा रिकामी आहे, मी एकटा, बाहेर बघा किती लोकं."

आता माझा भाचा एमएस्सीला आहे, त्याच्या मागं लागून मी ह्या ईआरपीचे कागद मागवले, त्याच्या डोक्यावर बसून अर्थ लावून घेतला. तर अमेरिकेत २००४ साली एक मोठा अभ्यास छापून आला, ओसीडीची ७ ते १७ वयाची ११२ मुलं, चार गट केले, १२ आठवडे. नुसती खोटी गोळी दिली त्या गटात १०० मागे साधारण ४ मुलं जवळपास बरी झाली, खऱ्या गोळीनं २१, नुसत्या थेरपीनं ३९, आणि दोन्ही मिळून दिलं तर ५४. म्हणजे ओपीडीतले डॉक्टर बोलले ते तंतोतंत खरं होतं. त्यांना माहीत होतं. त्यांच्या वरच्यांना पण माहीतच असणार, पुस्तकात आहे ते. २००४ ला छापलेली गोष्ट आमच्या तालुक्याला पोचायला वीस वर्षं कमी पडली, आणि मधल्या काळात बोटांचे ठसे घेणारे मात्र गल्लीपर्यंत पोचले, हे कसं काय?

मग पुण्याच्या एक ताई ऑनलाइन मिळाल्या, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआयचं, म्हणजे केंद्राच्या पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन असलेल्या (हे तपासायचं असतं हे पण भाच्यानंच सांगितलं, नाहीतर बोर्डावर समुपदेशक काय कोणी पण लिहितं, तीन महिन्यांचा डिप्लोमा केला की झालं). दर गुरुवारी संध्याकाळी, फी १,२०० रुपये, घरात रेंज नाही म्हणून गच्चीवर. एकूण १४ सेशन, हिशोब तुम्हीच करा, माझी किती ब्लाउजं झाली ती.

पहिल्या दिवशी ताईंनी माप घेतलं. प्रश्नांची एक यादी असते, त्यात ४० पैकी २७ आले. म्हणाल्या दर चौथ्या सेशनला परत घेऊ, कमी झालं नाही तर माझं काहीतरी चुकतंय असं समजू. हे ऐकून मला एकदम भरवसा वाटला कारण माप न घेता शिवणारा टेलर आणि ट्रायल न देणारा टेलर काय असतो हे मला चांगलं माहितीये.

ईआरपी म्हणजे काय तर ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करायचं आणि केल्यावर हात धुवायचे नाहीत. ऐकायला सोपं. आधी त्या आजाराला नाव ठेवायला लावलं, म्हणजे आजार वेगळा नि पोरगा वेगळा. त्यानं नाव ठेवलं चिकट्या. मग शिडी काढली, दहा पायऱ्या. सगळ्यात खाली दाराची कडी, मध्ये वर्गातला डस्टर, शाळेचा नळ, सगळ्यात वर एसटीचा दांडा धरून आल्यावर त्याच हातानं खाणं. वर्कशीट सगळ्या इंग्रजीत, ताई तोंडी मराठी करायच्या आणि तिथंच अडायचं. अँग्झायटीला काय म्हणणार? चिंता म्हटलं तर पोरगं म्हणे चिंता तर पप्पांना असते, हप्त्याची. शेवटी त्यालाच विचारलं तुला काय होतं, म्हणाला छातीत गरम होतं. मग आम्ही त्याला 'ताप' म्हणायला लागलो, ० ते १० ताप. साहेब, हा शब्द शोधायला आमचं अख्खं एक सेशन गेलं, १,२०० रुपयांचं. आणि माझ्यासारख्या अजून किती आया हाच शब्द परत परत विकत घेत असतील? हे एकदा नीट बसून, लेकरांशी बोलून मराठीत करून ठेवायला काय हरकत आहे? नुसतं भाषांतर नको, तुमच्या जीआरच्या मराठीत तर मुळीच नको, 'अतिविचारी अनिवार्यता' असलं काहीतरी लिहाल आणि पोरगं पळून जाईल.

नववा गुरुवार झाला आणि रविवारी आम्ही स्टँडवर गेलो. येणाऱ्या एका गाडीत चढून दांडा धरला, उतरलो, बाकड्यावर बसलो. मी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. त्यानं एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि रडायला लागला. ताप किती? नऊ. मला विचारतो, आई काही होणार नाही ना? आणि मला सक्त ताकीद होती की 'नाही होणार' म्हणायचं नाही. म्हणायचं, "माहीत नाही बाळा, बघू." तुम्हाला सांगते, दोन बाळंतपणं झाली माझी, त्यापेक्षा ते वाक्य जड गेलं. शेजारची एक म्हातारी माझ्याकडं अशी बघत होती जसं काय मी कैदाशीण. पण बसून राहिलो. आठ. सात. मध्ये एक गाडी लागली, एक गेली. २२ मिनिटांनी तो म्हणाला तीन, आणि अजून एक शेंग घेतली. स्वतःहून.

१४ व्या सेशनला माप ४० पैकी ९ आलं.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की ह्यात जादू काही नाही. ही कृती आहे, तिला डोस आहे, क्रम आहे. अर्धी केली तर गुण येत नाही. आणि हे तुम्हाला नवीन आहे का? टीबीच्या पेशंटला तुम्ही काय करता? सहा महिन्यांचा कोर्स, आशाताई घरी येऊन गोळी घेतली का बघते, मध्ये थुंकी तपासता, पेशंट यायचा थांबला तर शोधून आणता. दोन दिवस गोळ्या वाटून फोटो काढून १२० लाभार्थी असं टीबीत चालतं का? चालत नाही कारण तिथं शेवटी विचारलं जातं, बरा झाला का. लेकरांच्या मनाच्या बाबतीत तुमच्या फॉर्मवर हा रकानाच नाही. किती शाळा, किती सत्रं, किती लाभार्थी, संपलं.

आणि शिक्षकांवर टाकणं तरी थांबवा. माझी मैत्रीण झेडपीच्या शाळेत आहे, ती म्हणते इलेक्शन आमच्याकडे, सर्व्हे आमच्याकडे, खिचडी आमच्याकडे, आता मन पण आमच्याकडेच. हसण्यावारी नेऊ नका, ह्याचा अभ्यास झालेला आहे, आपल्याच देशात. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये सेहेर नावाचा प्रोग्राम केला, काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काही शाळांत गावातलेच साधे पण फक्त त्याच कामासाठी नेमलेले समुपदेशक. प्रोग्राम तोच. २०१८ साली निकाल छापून आला, समुपदेशकांच्या शाळांत मुलांची उदासी कमी, दादागिरी कमी, शाळेतलं वातावरण सुधारलं. शिक्षकांच्या शाळांत काहीच फरक नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नाही हो, मला वाटतं त्यांना वेळ आणि मोकळीक असतेच कुठं, आणि जे सर मार्क कमी पडले म्हणून ओरडतात त्यांच्यापुढं पोरगं मन कसं मोकळं करेल. तिकडे इंग्लंडात तर ८५ शाळांमध्ये शिक्षकांकडून माइंडफुलनेस (शांत बसून मन आत्ताच्या क्षणावर ठेवायचा सराव) शिकवून बघितलं, २०२२ ला निकाल आला, नेहमीपेक्षा वेगळा फायदा नाही. त्यांनी निदान मोजलं तरी. आपल्याकडे शाळाशाळांत चालणारी ध्यानं नि व्याख्यानं कोण मोजतं?

तुम्ही म्हणाल एवढे सायकॉलॉजिस्ट आणायचे कुठून. बरोबर आहे, नाहीतच. पण प्रत्येक लेकराला पुण्याच्या ताई लागत नाहीत. गोव्याच्या संगात संस्थेनं दिल्लीच्या सरकारी शाळांत केलेलं काम बघा, साधे ग्रॅज्युएट तरुण शिकवून तयार केले, मुलांबरोबर तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी, अडचण काय, उपाय कोणते, एक करून बघ, परत ये, एवढंच. फायदा फार मोठा नाही दिसला, पण मुलांना स्वतःच्या ज्या अडचणी वाटत होत्या त्या कमी झाल्या, खरोखर. फक्त एक गोष्ट होती जी आपण नेहमी गाळतो. ते तरुण दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकायचे, कुठं चुकलं ते बोलायचे. आपल्याकडे प्रशिक्षण झालं की सर्टिफिकेट आणि रामराम. आमच्याकडे शिवण क्लासला पण बाई सहा महिने मागं उभी राहते हो, तेव्हा कुठं बाही नीट बसते.

आणि माणूस टिकवा. अकरा महिन्यांच्या करारावर समुपदेशक नेमायचा, पगार तीन महिने लटकवायचा, तो शिकून तयार होतो न होतो तोवर निघून जातो, मग नवीन माणूस, नवीन प्रशिक्षण, नवीन बॅनर. टेली-मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, २०२२ पासून, मराठीत बोलता येतं, चांगलीच गोष्ट आहे, रात्रीबेरात्री कोणाचा तरी आधार लागतो. पण हेल्पलाइनचं काम वेगळं आणि १४ आठवडे एकाच माणसानं धरलेला हात वेगळा.

एक गोष्ट मात्र मोठ्या डॉक्टर लोकांचीही मान्य करते. ते म्हणतात ह्या थेरप्या परदेशी, आपल्या घरांत बसत नाहीत. थोडं खरंय. त्या वर्कशीटमध्ये एक आई, एक बाप, एक मुलगा, त्याची वेगळी खोली. आमच्याकडे खोली एक आणि माणसं सहा. मी 'माहीत नाही, बघू' म्हणून दात आवळून बसायचे आणि पलीकडून सासूबाई म्हणायच्या काही होत नाही रे माझ्या राजा, आणि अंगारा लावायच्या. झालं, केलेलं सगळं पाण्यात. पाचव्या सेशनला ताईंनी सासूबाईंनाच गच्चीवर बोलावलं. त्यांना नीट समजावलं की तुम्ही धीर देता तो चिकट्याच्या पोटात जातो. त्या दिवसापासून म्हातारी अशी कडक झाली की विचारू नका, मी ढिली पडले तर मलाच डोळे वटारायच्या! तर बदल करा, खुशाल करा, आजी घ्या, गच्ची घ्या, शेंगा घ्या. शिऱ्यात साखरेऐवजी गूळ घातला तरी शिराच, पण रवाच काढून टाकला तर काय उरलं? पोरानं भीतीसमोर थांबायचं हा ह्यातला रवा. बहुतेक ठिकाणी तोच काढून टाकतात कारण लेकरू रडतं, आईबाप चिडतात, आणि गप्पा मारणं सोपं असतं.

मुलं मध्येच यायची बंद होतात असंही म्हणतात तुमचे लोक, पालक सिरियस नाहीत म्हणून. अहो, ज्याची रोजंदारी आहे त्यानं १४ वेळा एवढ्या लांब जिल्ह्याला यायचं, दोघांचं तिकीट, एक दिवसाचा खाडा, तिकडे गेल्यावर डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले. सेशन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा, तसंही लोक त्या दिवशी गावात येतातच. ह्याला पैसा लागत नाही, नुसतं कॅलेंडर बघावं लागतं.

कायदा तर तुमच्याकडे आहेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १८, सेवा मिळणं हा हक्क, आणि त्यात लहान मुलांच्या सेवांचा वेगळा उल्लेख आहे. आता २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा, १०० च्या आत असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून द्यायचं. वाचून आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, कारण मला दिसतंय काय होणार ते. भराभर पदं भरल्याचं कागदावर येणार, पीटीच्या सरांना जादा चार्ज देणार, आणि वाड्या-वस्त्यांवरच्या झेडपी शाळा, ज्यांचा पट तीस-चाळीस, त्यांच्या भिंतीवर एक फोन नंबर चिकटवून जोडणी पूर्ण. मुळात आपल्याला आकडा तरी माहितीये का? निमहान्सनं, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेनं, २०१५-१६ ला देशाचा मानसिक आरोग्य सर्व्हे केला, १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असं त्यात आलं, पण ज्या १२ राज्यांत तो झाला त्यात महाराष्ट्र नव्हताच. १९३७ साली देशातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मनाच्या अडचणींचा दवाखाना, मुंबईत निघालं म्हणे. त्या मुंबईच्या राज्याची ही गत.

मी मोठं काही मागत नाही. एकाच तालुक्यात करून बघा. दोन माणसं, तीन वर्षं न हलवता. त्यांच्या मागं दर आठवड्याला विचारपूस करणारा एक अनुभवी माणूस, फोनवर असला तरी चालेल. आलेल्या प्रत्येक लेकराचं पहिल्या दिवशी माप आणि शेवटच्या दिवशी माप, आणि जे लेकरू यायचं थांबलं त्याच्या घरी कोण गेलं ते पण लिहा. वर्षानं ते कागद लोकांसमोर ठेवा, कमी गुण आला असेल तरी ठेवा. ट्रायलला ब्लाउज घट्ट निघाला म्हणून कोणी टेलरला फाशी देत नाही, उसवून परत शिवतात.

पोराचं विचाराल तर आता १२ वर्षांचा आहे. सहामाहीच्या टायमाला चिकट्या परत आला होता, पेपरला जायच्या आधी तीन वेळा हात धुतले. शिडीचा कागद अजून फ्रिजवर आहे, तेलाचे डाग पडलेला. त्यानं स्वतःच काढला, म्हणाला मम्मी चौथ्या पायरीपासून घेऊ. गुरुवारी ताईंना फोन लावलाय.

आणि तुमच्या त्या पुढच्या दोन दिवसीय प्रशिक्षणाला मला बोलवा. पुष्पगुच्छ नको, तो कागद घेऊन येते.

आपली,
एक आई, शिवणकाम करणारी